यार्देनेचा उतार आणि उर्से येथील नाका

जुन्या करारातील 'शास्ते' या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक भयंकर प्रसंग वर्णिला आहे. गिलादी लोकांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले आणि पार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावले. एफ्राइमी मनुष्याच्या तोंडी 'श' बसत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेथेच त्याचा वध होई. त्या वेळी एफ्राइमाचे 42,000 लोक पडले, असे पवित्र शास्त्र सांगते.

मावळातील उर्से हे गाव बाहेरच्या जगास ठाऊक आहे ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे. 2002 साली पूर्णपणे खुल्या झालेल्या या मार्गाचा नाका प्रवाशाकडे पैसे मागतो. त्याचा उच्चार तपासत नाही. परंतु याच परिसरातील मुलांपुढे दुसरा एक नाका उभा आहे, तो इंग्रजीचा. तेथे मात्र यार्देनेच्या उताराचाच न्याय चालतो की काय, अशी शंका आम्हांस येते. इंग्रजी शिकवू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती कशी शिकवली जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इंग्रजीची ओढ ही केवळ फॅशन नव्हे. सावित्रीबाई फुले यांनी 1854 सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानाला पारख्या झालेल्यांसाठी ते एक नवे दार होते. 2000 साली महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तीमागेही हाच न्याय होता. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे आपल्या पिंपरी-चिंचवडचेच. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल पाचवीत इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवीत असे आणि शहरातील संपन्न घरचे मूल बालवाडीपासून. हे अंतर कमी व्हावे, हा हेतू रास्त होता. परंतु इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, या प्रश्नावर जितकी चर्चा झाली, तितकी ती शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी आधी कोणती भाषा आहे, या प्रश्नावर झाली नाही.

मावळातील शेतकऱ्याचे मूल घरी 'पानी' म्हणते, 'साळा' म्हणते. शाळेत आल्यावर 'पाणी' आणि 'शाळा' म्हणण्याची शिकवण मिळते आणि पुष्कळदा वर्गाचे हसूही मिळते. म्हणजे इंग्रजीच्या नाक्यापूर्वीच प्रमाण मराठीचा एक नाका त्याला लागतो. तेथेही कसोटी 'स' आणि 'श' यांचीच! मराठीच्या अभिमान्यांनी इंग्रजीस दोष देण्यापूर्वी हे आपले स्वतःचे गिलादीपण तपासावे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत तर कोकणी वा मल्याळम बोलली जाते. त्या मुलांना प्रमाण मराठीही परकीच असते.

घरून आलेली ही भाषा म्हणजे ज्ञानाचा अभाव, असे मानणे चुकीचे आहे. काही साधी उदाहरणे घेऊ. निघताना आपण 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणे आपल्याला अशुभ वाटते. मूल इंग्रजीत 'आय कम' म्हणते, तेव्हा त्याचे व्याकरण चुकले असेल, रीत चुकलेली नसते. मराठीत अदब क्रियापदातच असते : 'दे', 'द्या', 'देता का'. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही, म्हणून तेथे अदबीसाठी 'प्लीज' लागते. 'गिव्ह मी वॉटर' म्हणणारा मुलगा उद्धट नसतो. त्याच्या मनातले 'द्या' भाषांतरात हरवलेले असते. तिसरे उदाहरण आपल्या प्रार्थनेतले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण स्वर्गातील पित्यास 'आमच्या' म्हणतो, 'आपल्या' म्हणत नाही. आणि वेदीवरून धर्मगुरू लोकांना 'आपण प्रार्थना करू या' म्हणतो, 'आम्ही' म्हणत नाही. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आणि वगळणारे, असे हे दोन शब्द. इंग्रजीत दोहोंना 'वुई' हा एकच. सहा वर्षांचे मराठी मूल हा भेद न शिकवता अचूक पाळते.

अमेरिकन विद्वान डेल हाइम्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तत्त्व मांडले. भाषा येणे म्हणजे केवळ शुद्ध वाक्य रचता येणे नव्हे. कोणाशी, कोठे, कसे बोलावे हे उमजणे हा तिचा अर्धा भाग होय. मराठी मुलाला हे उमजलेले असते, पण ते मराठीतून. शिक्षकाने दोन भाषांच्या रीती शेजारी ठेवून दाखवल्या, तर ते ज्ञान इंग्रजीच्या कामी येते. 'येथे मराठी बोलू नये' अशी पाटी लावली, तर ते दाराबाहेरच राहते. काही शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल दंडही होतो, आणि आपल्यापैकी काही पालकांना त्यात शिस्त दिसते, ही खेदाची गोष्ट आहे.

सक्तीचा हा प्रयोग आपल्या ख्रिस्ती इतिहासात होऊन गेला आहे. 1684 साली गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. आज कोकणी गोव्याची राजभाषा आहे आणि पोर्तुगीज थोड्याच घरांत उरली आहे. त्याच भूमीत त्यापूर्वी दुसराही मार्ग दिसला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांनी येथल्या लोकांवर आपली इंग्रजी लादली नाही. ते स्वतः विद्यार्थी झाले, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि 1616 साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. ओवी हा येथल्या कानाला ओळखीचा छंद, म्हणून त्यांनी तोच घेतला. शिकवू इच्छिणाऱ्याने प्रथम शिकणाऱ्याची भाषा शिकावी, हा धडा एका इंग्रजानेच घालून दिला आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने तो गिरवावा, यात वावगे काय?

पालकांनीही एवढे करावे. मुलाशी घरी मोडक्या इंग्रजीत बोलण्याऐवजी आपल्या भाषेत भरपूर बोलावे, गोष्टी सांगाव्या, प्रार्थना म्हणावी. शाळा निवडताना तेथील इमारतीबरोबरच तेथे मुलाच्या बोलीला हसतात काय, याचीही चौकशी करावी. इंग्रजी चांगली यावी, हा आग्रह अवश्य धरावा. तिच्यासाठी मुलाने घरच्या भाषेची लाज बाळगावी, हा मोबदला मात्र देऊ नये.

महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ओळखला गेला तो त्याच्या गालीली बोलीमुळे, असे मत्तय सांगतो. त्या रात्री पेत्राला आपली बोली लपवावीशी वाटली असेल. परंतु पेन्टेकॉस्टच्या दिवशी तोच पेत्र यरुशलेमात उभा राहिला, आणि जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. पवित्र आत्म्याने कोणाचाही उच्चार तपासला नाही. आपल्या शाळांनी यार्देनेच्या उताराचा न्याय चालवावा की पेन्टेकॉस्टचा, हे आपण सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे.