जसहरचरिउ : यशोधराची वेदना व धर्मबुद्धी

वाशीम जिल्ह्यातील कारंजे येथील जैन ग्रंथभांडारांचा परिचय रा. ब. हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या हस्तलिखितसूचीने संशोधकांस झाला. पुढे १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंज्याच्याच जैन ग्रंथमालेत निघाले. दहाव्या शतकात मान्यखेटी रचलेले हे अपभ्रंश काव्य वरवर वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, देहयातनांनी पोळल्यामुळेच नायक यशोधर धर्माकडे वळला. ही समजूत ग्रंथास धरून नाही, असे आम्हांस वाटते.

उज्जयिनीचा हा राजा आपली राणी अमृतमती एका कुबड्याच्या ठायी आसक्त असल्याचे डोळ्यांनी पाहतो व विरक्त होतो. येथवर त्याच्या देहास काहीच इजा झालेली नाही. दुःख आहे ते मनाचे. परंतु खरे कारण लाजेने लपवून तो मातेस खोटे दुःस्वप्न सांगतो. माता शांत्यर्थ पशुबळी सुचविते, तो नाकारतो. अखेर तिच्या आग्रहास्तव पिठाचा कोंबडा देवीस अर्पितो. या कृत्याच्या मुळाशी ना भक्ती आहे, ना क्रौर्य. आहे ती भीड. त्यानंतर राणी मायलेकांस विष घालते आणि तिर्यग्योनीतील यातनांची परंपरा सुरू होते.

त्या यातनाही त्यास धर्माकडे नेत नाहीत. जन्मामागून जन्म तो मारला जातो, तरी बोध होत नाही. शेवटी कोंबड्याच्या जन्मी मुनीचा उपदेश कानी पडतो, पूर्वजन्म आठवतात व व्रत घडते. त्या आनंदाने घातलेली साद ऐकूनच राजा बाण सोडतो. म्हणजे वेदनेतून धर्म उपजला नसून धर्म लाभल्यावर वेदना ओढवली.

ज्या नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान परंपरेने कारंजेच मानले जाते, त्यांच्या ‘गुरुचरित्रा’तील पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. तो वेदनेमुळे नदीत जीव देऊ पाहतो. तेथेही वेदना त्यास मरणाकडेच नेते, तारते ती गुरुकृपा. दोन्ही ग्रंथांचे संप्रदाय भिन्न, परंतु या एका मुद्द्यावर त्यांची साक्ष जुळते.

मात्र येथे एक अडचण आहे. कान्हडपुत्र गंधर्व याने वि. सं. १३६५ मध्ये या काव्यात तीन प्रकरणे घातली : भैरवानंदाचे राजसभेत आगमन, यशोधराचा विवाह व भवांतरांचे वर्णन. तेव्हा यातनांच्या ज्या चित्रांवरून नायकाचे मन वाचावयाचे, त्यांतील कोणती पुष्पदंताची व कोणती गंधर्वाची, हा भेद केल्यावाचून दिलेला अभिप्राय पुष्पदंतावर अन्याय करील. आमच्या मुख्य प्रतिपादनास यामुळे बाध येत नाही. कारण उपदेश, जातिस्मरण व बाण हा क्रम शके ८८१ मध्ये पुऱ्या झालेल्या सोमदेवाच्या ‘यशस्तिलका’तही आहे. परंतु वेदनेचा विस्तार मूळ कवीस कितपत अभिप्रेत होता, हे पाठभेदांवाचून ठरणार नाही.

म्हणून ज्यांच्या संग्रही या काव्याच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनी ही तीन प्रकरणे आपल्या प्रतीत आहेत किंवा कसे, एवढे तरी पत्रे मोजून प्रसिद्ध करावे. नायकाच्या हेतूंचा निर्णय टीकाकाराच्या कल्पनेने नव्हे, तर पोथीच्या पत्रांवरूनच व्हावयास हवा.