फोर्ट रॉसचे प्रार्थनामंदिर : मूळपणाचा प्रश्न

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, रशियन-अमेरिकन कंपनीने १८१२ मध्ये इवान कुस्कोव याच्या नेतृत्वाखाली रॉस ही वसाहत वसविली. तेथील लाकडी प्रार्थनामंदिर १८२५ च्या सुमाराचे. त्यास सरसकट ‘चर्च’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो सैल होय. रशियन भाषेत अशा वास्तूस ‘चासोव्न्या’ म्हणतात, ‘त्सेर्कोव’ नव्हे. ‘चास’ म्हणजे तास; नेमल्या प्रहरांच्या प्रार्थनेची ही जागा, आणि तीत पवित्र वेदी नसते. रॉस येथे कायमचा पुरोहितही नव्हता. १८३६ मध्ये सिटकाहून आलेल्या वेनियामिनोव यास फळ्यांची साधी वास्तू, लहानसा घंटामनोरा व चांदीने मढविलेल्या दोन प्रतिमा एवढेच आढळले. तटबंदीच्या कोपऱ्यात बसविलेल्या या मंदिराच्या बाहेरील भिंती तटाचाच भाग होत्या. सरहद्दीवरील वास्तूचे मर्म या काटकसरीत आहे.

१८४१ मध्ये वसाहत जॉन सटर यास विकली गेली. १९०६ च्या भूकंपात मंदिराच्या भिंती कोसळल्या. छप्पर व दोन्ही मनोरे मात्र अभंग राहिले. १९१६ पासून जी पुनर्रचना झाली, तिच्यासाठी त्याच ठाण्यातील अन्य जुन्या इमारतींची लाकडे वापरली. लाकूड रशियन काळाचे, पण परक्या जागी बसविलेले, अशी ही वास्तू. तिलाच १९६९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. ५ ऑक्टोबर १९७० रोजी ती जळाली, आणि १९७१ मध्ये दर्जा काढून घेण्यात आला. १९७३ मध्ये उभारलेली वास्तू आज तेथे आहे.

दर्जा काढण्यामागील भूमिका सरळ आहे : मूळ द्रव्य गेले, म्हणजे वास्तू गेली. परंतु ही कसोटी १९६९ मध्येच काटेकोरपणे लावली असती, तर भिंतींच्या बाबतीत ती तेव्हाही टिकली नसती. द्रव्य आणि रचना यांपैकी आपण कशास मूळ मानतो, हे न ठरविताच आधी दर्जा दिला गेला व मग काढला गेला, असे म्हणणे प्राप्त आहे. ठाण्यातील अधिकाऱ्याचे, म्हणजे रोत्चेवचे, घर मात्र रशियन काळापासून उभे आहे. त्याच्याविषयी हा वाद संभवत नाही. घंटेचे उदाहरण अधिक अवघड आहे. ती आगीत वितळली. जुन्या घंटेचाच धातू घेऊन, तिच्यावरील ठशाच्या आधारे नवी ओतण्यात आली. द्रव्य तेच, घडण नवी. भिंतींना लावलेली कसोटी येथे उलटी पडते.