‘अधांतर’मधली तीन मुलं आणि आपला स्विच

जयंत पवारांचं ‘अधांतर’ गिरणी संपाचं नाटक म्हणून ओळखलं जातं. १९९७ साली ते रंगमंचावर आलं. त्याच्याबद्दल वाचायला गेलं की ‘उद्ध्वस्त गिरणगाव’, ‘कामगारांची शोकांतिका’ हे शब्द भेटतात. ते चुकीचे नाहीत. पण हाईक मागायची की सरळ स्विच मारायचा, या हिशेबात अडकलेल्या वयात मी ते वाचलं आणि मला त्यात दुसरंच काही दिसलं. एकत्र मागायचा रस्ता बंद झाला की माणसं एकेकटी बाहेर पडायचे मार्ग कसे शोधतात, याचं ते नाटक आहे.

आधी थोडा इतिहास, कारण माझ्या पिढीला संप म्हणजे ओला-उबर बंद एवढंच माहीत. १९८१च्या दिवाळीच्या सुमारास बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले. ‘तुम्हीच आमचं नेतृत्व करा,’ असा त्यांचा आग्रह होता. इंजिनिअरिंग कारखान्यांत सामंतांनी मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्याचं त्यांनी पाहिलं होतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढीइतकीच महत्त्वाची मागणी होती ती १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. या कायद्यानुसार गिरणी उद्योगातल्या कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांना जो हवा होता, त्याला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीच नव्हती. हा संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

‘अधांतर’ हे शीर्षक मला इथे अचूक वाटतं. मागणी मान्य झाली नाही आणि मागेही घेतली गेली नाही. ती तशीच लटकत राहिली आणि तिच्याखाली धुरूंचं घर.

पवारांनी रंगमंचावर गिरणी आणली नाही. आणली ती चाळीतली खोली. त्या खोलीत तीन मुलगे आहेत. बाबाला लेखक व्हायचंय, मोहनच्या डोक्यात क्रिकेट आहे आणि नरू गुंडगिरीकडे वळलाय. समीक्षा सहसा यांच्याकडे संपाचे बळी म्हणून बघते. मला ते तीन स्विच वाटतात. शब्द, खेळ आणि दहशत या तिन्ही रस्त्यांवर एकट्याने जायचं असतं. सोबत सहकारी लागत नाही, मोर्चा लागत नाही, ‘आपण’ हा शब्दही लागत नाही. बाप पिढी गेटवर एकत्र उभी होती. मुलं एकाच खोलीत राहतात, पण प्रत्येकाची नजर वेगळ्या दाराकडे आहे. नाटकातली भांडणं मला म्हणूनच इतकी खरी वाटतात. खोलीत पैसा नाही हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं हे, की दुसऱ्याचं दार उघडलं तरी त्यातून आपण बाहेर पडणार नाही, हे प्रत्येकाला कळून चुकलंय. आणि आईला तर दारच नाही. स्विच मारायची सोय नसलेल्या माणसाच्या अंगावर बाकीच्यांच्या स्विचचा सगळा खर्च पडतो.

याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१०मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. सिनेमा खोलीबाहेर पडतो. मालक, राजकारणी, जमिनीचा लोभ, पिस्तुलं असं सगळं दाखवतो. माहिती म्हणून ते उपयोगाचं आहे, पण खोलीतला हिशेब त्यात हरवतो. खलनायक इतका ठळक झाला की प्रेक्षक त्याच्यावर राग काढून मोकळा होतो. नाटक तशी सुटका देत नाही.

तरी एक तक्रार नाटकाबद्दलही आहे. मी शहाडला राहतो. इथून भिवंडी जवळ. संपानंतर कापडाचं काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकलं आणि काही गिरणी कामगारही तिकडे गेले, कमी पगारावर, कायमपणाची हमी नसताना. म्हणजे नोकरी बदललेला कामगार होता. कला, क्रिकेट किंवा गुन्हेगारीकडे न जाता, जे येत होतं तेच दुसऱ्या मालकाकडे स्वस्तात करणारा. ‘अधांतर’च्या मध्यभागी तो नाही. मागून हरलेल्याला आपल्या लेखकांनी मान दिला, सोडून बिघडलेल्याला नाट्य दिलं. सोडून नुसता जगत राहिलेला मात्र कुणाला फारसा दिसला नाही. माझ्या पिढीचा खरा पूर्वज तोच आहे.

आता आपल्याकडे बघू. मी दोनदा कंपनी बदलली. दोन्ही वेळा जे मिळालं ते कुठल्याही अप्रेझलमध्ये मिळालं नसतं. माझ्या एका मॅनेजरने तर स्पष्टच सांगितलं होतं, ‘‘बाहेरची ऑफर आण, मग बोलू.’’ म्हणजे हाईक मागायलासुद्धा आधी राजीनाम्याची तयारी लागते. स्विच मारणाऱ्याला नावं ठेवण्यात त्यामुळे अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की ही ताकद नक्की कुणाची? मार्च २०२२मध्ये इन्फोसिसमधलं वर्षभरातलं नोकरी सोडण्याचं प्रमाण २७.७ टक्के होतं, टीसीएसमध्ये १७.४. मार्च २०२४मध्ये तेच आकडे १२.६ आणि १२.५ झाले. या दोन वर्षांत पोरांची हिंमत कमी झाली नव्हती, बाजार थंड पडला होता. २०२२मध्ये आपण वाटाघाटीत पटाईत आहोत असं वाटलं, पण पत्ते बाजाराच्या हातात होते. बाजाराने ते परत घेतले तेव्हा मागायची सवय कुणालाच उरली नव्हती.

इथे नाटकातली ती खोली पुन्हा आठवते. चाळीत भिंती पातळ. कुणाच्या घरी पगार किती आणि उधारी किती, हे गॅलरीभर माहीत असे. त्यात त्रास होता, खाजगीपणा नव्हता, पण ‘आपल्याला कमी मिळतंय’ हे वाक्य त्या माहितीतूनच तयार होतं. ‘मला कमी मिळतंय’ याच्यापेक्षा ते फार वेगळं वाक्य आहे. माझ्या ऑफर लेटरमध्ये पगार गोपनीय ठेवायची अट होती. १९४६च्या कायद्याने कामगारांच्या वतीने कुणी बोलायचं ते ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे तेवढ्याचीही गरज पडली नाही. शेजारच्या खुर्चीवरच्याचा सीटीसी विचारणं असभ्य, एवढं सगळ्यांना पटलं की काम झालं. मग प्रत्येकजण एचआरसमोर एकटा, प्रत्येकाचं दार वेगळं.

शहाडला सेंच्युरी रेयॉनची धुराडी अजून दिसतात. त्याच कंपनीची वरळीची सेंच्युरी मिल मात्र उरली नाही, त्या जमिनीवर आता बिर्ला नियारा उभा राहतोय. ‘अधांतर’ वाचताना गिरण्या गेल्याचं दुःख करणं सोपं आहे, कारण ते दुसऱ्याचं दुःख आहे. त्यातला जास्त टोचणारा भाग आहे ती तीन मुलं, एकाच छपराखाली असून एकमेकांना हिशेब न सांगणारी. नाटक स्विच मारू नका म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण पुढच्या अप्रेझलच्या आधी टीममधल्या दोन-तीन जणांना चहाला न्या आणि आपला आकडा आधी सांगा. एवढंही जमत नसेल, तर आपण धुरूंच्या खोलीतच राहतोय, फक्त भाडं जास्त भरतोय.