पैसा कुणाचा, हे शोधताना: १एमडीबीच्या जप्ती-दाव्याचं वाचन

प्रतिवादी कोण, तर ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा सिनेमा! अमेरिकेच्या न्याय विभागाने जुलै २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात जे दिवाणी जप्तीचे दावे दाखल केले, त्यातल्या एकाचं हे खरंखुरं शीर्षक आहे. दावा माणसावर नाही, मालमत्तेवर. हे आधी डोक्यात बसवा, कारण या दस्तऐवजाची ताकद आणि उणीव दोन्ही इथूनच येतात.

पार्श्वभूमी थोडक्यात: मलेशियाचा सरकारी गुंतवणूक निधी १एमडीबी, आणि त्याभोवती वावरणारा फायनान्सर झो लो. हॉटेलं, खासगी जेट, ईएमआयच्या संगीत-प्रकाशन व्यवसायात हिस्सा, एवढं सगळं कशावर? त्याच्या बाजूने सांगितलं जायचं की आजोबांपासून चालत आलेली घराण्याची श्रीमंती आहे.

दाव्यातला ‘गुड स्टार’चा भाग तुम्ही पेन्सिल घेऊन वाचा. सप्टेंबर २००९ मध्ये पेट्रोसौदीसोबतच्या भागीदारीसाठी म्हणून १ अब्ज डॉलर निघाले. त्यातले ७० कोटी झुरिकमधल्या ‘गुड स्टार’च्या खात्यात गेले. बँकेला सांगितलं गेलं की ही पेट्रोसौदीचीच कंपनी. दाव्यानुसार ती सेशेल्समध्ये नोंदलेली आणि लोच्या मालकीची होती. तिथून सुमारे ३६.८ कोटी न्यूयॉर्कमधल्या एका वकिली फर्मच्या, अशिलांचे पैसे ठेवायच्या खात्यात. म्हणजे आता पाठवणारा कोण दिसतो? वकील. इथे विशेषणं जवळपास नाहीत. तारीख, रक्कम, खातं, एवढंच. प्रबंधात असं लिहिता आलं पाहिजे.

‘आबार’चा प्रकार तर कमालच. अबू धाबीच्या सरकारी कंपनीसारखंच नाव घेऊन ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये दुसरी कंपनी काढली, आणि २०१२ च्या रोख्यांतले सुमारे १.३७ अब्ज डॉलर तिकडे वळले, असा आरोप आहे. नावावर विसंबून डेटाबेस जुळवणाऱ्यांनो, नोंदणी क्रमांक आणि देश तपासल्याशिवाय दोन नोंदी एक करू नका.

आता माझी तक्रार. या दाव्याला मालमत्ता हवी आहे, त्यामुळे माग तिथपर्यंत पोचला की मजकूर थांबतो. बँकांनी विचारलेले प्रश्न आणि मिळालेली गुळमुळीत उत्तरं दाव्यात येतात, पण एवढ्यावर त्यांचं समाधान कसं झालं, हे कोणी खोदत नाही. माझ्या मते संशोधनाचा खरा प्रश्न तोच आहे. दुसरं, एका खात्यात वेगवेगळ्या वाटांनी पैसा मिसळला की ‘हाच डॉलर त्या हॉटेलात गेला’ हे म्हणणं हिशेबाच्या पद्धतीवर अवलंबून असतं. दाव्याची भाषा मात्र ते सरळ रेषेसारखं मांडते.

आणि उद्धृत करताना जपून. ‘मलेशियन ऑफिशियल १’ कोण, हे दावा सांगत नाही. ते नजीब रझाक असल्याचं त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या अब्दुल रहमान दहलान यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये बीबीसीला सांगितलं. म्हणजे तळटीप दोन स्रोतांची हवी. लोबरोबर २०१९ मध्ये तडजोड झाली, तीही गुन्हा कबूल न करता. म्हणून त्याच्याबद्दल या दाव्यातून घेतलेल्या वाक्यात ‘आरोपानुसार’ हा शब्द राहू द्या, गाईडने कितीही वेळा खोडला तरी.