पाठभेद आणि दोषशोधन : बुलडाणा जिल्ह्याच्या नावनोंदींवरून एक चिकित्सा

एकाच जिल्ह्याचे नाव 'बुलडाणा' असेही लिहिले जाते आणि 'बुलढाणा' असेही. वृत्तपत्रांत, पाट्यांवर आणि सरकारी कागदांत दोन्ही रूपे आढळतात. २०११ च्या जनगणनेच्या रोमन लेखनात तर महाप्राणाचे चिन्हच गाळलेले आहे. या नावाचा संबंध 'भिलठाण' या शब्दाशी जोडला जातो. ती व्युत्पत्ती ग्राह्य मानल्यास 'ढ' असलेला पाठ मुळाशी अधिक जवळचा ठरेल; परंतु 'ड'युक्त पाठही रूढीने तितकाच प्रतिष्ठित आहे. वाचकाचा यात गोंधळ होत नाही. दोन्ही रूपांच्या मागे एकच भूप्रदेश आहे हे तो जाणतो. डेटाबेसला मात्र हे ज्ञान नसते. त्याच्या दृष्टीने 'ड' आणि 'ढ' ही दोन वेगळी अक्षरे, म्हणून हे दोन वेगळे जिल्हे. प्रस्तुत टिपणाचा हेतू इतकाच की, डेटाबेसमधील दोषशोधन, ज्याला व्यवहारात 'डीबगिंग' म्हणतात, ते केवळ यंत्रकौशल्य नसून पाठचिकित्सेच्याच जातीचे कर्म आहे हे दाखवावे. आणि ही तुलना कोठपर्यंत टिकते व कोठे थांबते हेही तपासावे.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. प्रोग्रॅममधील काही दोष बोलके असतात : कंस राहिला, रकान्याचे नाव चुकले, तर यंत्र काम थांबवून तक्रार करते. असे दोष त्रासदायक असले तरी धोक्याचे नव्हेत. खरा धोका मुक्या दोषांत आहे. समजा, एका टेबलात बुलडाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांची नावे आहेत आणि दुसऱ्यात त्याच १३ तालुक्यांच्या रकमा. एकात 'सिंदखेड राजा' असे सुटे लिहिले आहे, दुसऱ्यात 'सिंदखेडराजा' असे जोडून. एकात 'देऊळगाव राजा', तर दुसऱ्यात 'देउळगाव राजा'. आणि तालुक्याच्या नावातही एकीकडे 'ड', दुसरीकडे 'ढ'. आता नावावरून ही दोन टेबले 'इनर जॉइन'ने जोडली, तर उत्तरात १० तालुके उरतात. बेरीज व्यवस्थित छापली जाते, यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, आणि तीन तालुके निःशब्दपणे नाहीसे होतात. पाठचिकित्सेत याला लोप म्हणतात.

याच्या उलट दोष प्रक्षेपाचा. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद हा तालुका आहे आणि जिल्ह्याच्या सीमेला लागूनच जळगाव हा स्वतंत्र जिल्हा आहे. कारकुनाने घाईत नुसते 'जळगाव' लिहिले, तर ती नोंद शेजारच्या जिल्ह्याच्या खाती जाऊन बसते. मलकापूर नावाचे गाव बुलडाणा जिल्ह्यात आहे, साताऱ्यातील कराडजवळ आहे आणि कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यातही आहे. दोन्ही टेबलांत ही तीनही मलकापुरे केवळ नावाने नोंदलेली असतील, तर जोडणीनंतर ३ ऐवजी ९ ओळी तयार होतात. अशा वेळी पुष्कळ जण 'डिस्टिंक्ट' हा शब्द घालून पुनरुक्ती काढून टाकतात. लक्षण नाहीसे होते, रोग तसाच राहतो. शिवाय एका गावात एकाच नावाचे व एकाच रकमेचे दोन खातेदार खरोखरीच असले, तर त्यांतील एकाचा बळी जातो.

डोळ्यांना न दिसणारा पाठभेदही असतो. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्ध्या र-काराचेच उदाहरण घ्या. युनिकोडमध्ये तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, साध्या 'र'खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो, आणि साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तेच रूप उमटते. कागदावर तिन्ही रूपे एकसारखी. साठवणीत तीन वेगळी. युनिकोडचे प्रमाणीकरण केले असता पहिली दोन एक होतात. तिसरे मात्र वेगळेच राहते, कारण ती समतुल्यता त्या नियमांत मानलेली नाही. म्हणजे ज्या शब्दाने शेतकऱ्याचा निर्देश करावयाचा तो शब्दच शोधाला सापडत नाही, आणि संगणकाच्या पडद्यावर कितीही वेळ पाहिले तरी कारण कळत नाही. येथे अक्षरांचे संकेतांक उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पोथीच्या संपादकाला लेखकाच्या वळणाची ओळख लागते. तशीच ही ओळख होय.

आता पद्धतीकडे वळू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. वि. सी. सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्या कार्याची शिस्त दोन गोष्टींत दिसते. पहिली, प्रतींची गणना न करता त्यांचे कुल पाहावयाचे. दहा प्रती एका पाठावर सहमत असल्या, तरी त्या एकाच पूर्वप्रतीवरून उतरलेल्या असतील, तर ती साक्ष एकच. किंबहुना समान चुका याच समान कुलाचा सर्वांत भक्कम पुरावा असतात. डेटाबेसमध्येही नेमके हेच घडते. तीन टेबलांत एकच चुकीचे नाव दिसले, तर तिघांनी परस्परांना दुजोरा दिला असे समजणे भोळेपणाचे आहे. तिन्ही कोणत्या एका यादीतून भरली गेली हे शोधले पाहिजे. दोष शेवटच्या टेबलात दुरुस्त केला, तर पुढच्या वेळी माहिती भरताच तो परत येतो. मूळ यादीत दुरुस्त केला तरच तो जातो.

दुसरी शिस्त अशी की, निश्चित केलेला पाठ वर द्यावयाचा आणि टाकलेले पाठभेद खाली टीपांत जपून ठेवावयाचे. संपादकाचा निर्णय चुकला, तर पुढच्या अभ्यासकाला तो उलटविता यावा, हा त्यामागील न्याय. डेटाबेसमध्ये नेमका याचाच विसर पडतो. 'ढ' दिसला की एका आज्ञेने सर्वत्र 'ड' करून टाकावयाचा, ही दुरुस्ती नव्हे, पुराव्याचा नाश आहे. योग्य मार्ग निराळा. जिल्ह्याला क्रमांक द्यावा (२०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याचा क्रमांक ५०० होता), जोडणी क्रमांकावरून करावी, आणि नावाची सर्व रूपे त्या क्रमांकाखाली एका वेगळ्या टेबलात ठेवावीत. मूळ नोंद जशी आली तशी राहते, निर्णय वेगळा लिहिला जातो, आणि निर्णय कोणी, केव्हा घेतला हेही कळते. याशिवाय प्रत्येक पायरीवर ओळी मोजणे, दोष दाखविणारे लहानात लहान उदाहरण वेगळे काढणे, एका वेळी एकच बदल करणे आणि तेच उदाहरण कायमची कसोटी म्हणून जपणे, ही दोषशोधनाची नित्यकर्मे होत.

या सर्वांत काय पणाला लागलेले असते, हे २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीवरून दिसते. महाराष्ट्र शासनाने जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीककर्जाला ती लागू होती. शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेण्यात आले, बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागविण्यात आली, आणि दोन्हींच्या मेळातून पात्र खातेदारांची यादी निघावयाची होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रमाणपत्रे वाटली गेली. पण पैसे खात्यांवर जमा होण्यास विलंब झाला, कारण अर्ज व बँकांची माहिती यांचा मेळ बसेना. अनेक खातेदारांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक आढळल्याचेही त्या वेळी पुढे आले. चिकित्सकाने येथे कारकुनाला बोल लावून थांबू नये. रकाना सक्तीचा असेल आणि माहिती हाताशी नसेल, तर लिहिणारा काहीतरी भरतोच. हा दोष रकाना आखणाऱ्याचा. रिकामी जागा प्रामाणिक असते, खोटा भरणा नव्हे.

रिकाम्या जागेचेही एक शास्त्र आहे. डेटाबेसमध्ये अज्ञात मूल्याला 'नल' म्हणतात, आणि त्याच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर 'होय' नसते, 'नाही'ही नसते. ते 'अज्ञात' असते. यातून एक विलक्षण विपर्यास संभवतो. 'पात्र यादीत नसलेले खातेदार दाखवा' असा प्रश्न 'नॉट इन' या रचनेने विचारला आणि यादीच्या खातेक्रमांकांत एकही नल असला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. कोणीही वगळला गेलेला नाही, असा त्याचा अर्थ सहज लावला जातो. वगळलेल्यांचा शोध घेणारी क्वेरीच वगळलेल्यांना लपविते. म्हणून शून्य हे उत्तर आले असता समाधान न मानता, जो वगळला गेल्याचे आपणांस निश्चित माहीत आहे असा एक खातेदार घेऊन क्वेरीची परीक्षा करावी.

तुलना येथपर्यंत टिकते. यापुढे ती सोडली पाहिजे. महाभारताच्या संपादकाला व्यासांना विचारता येत नाही. डेटाबेसमधील नोंदीचा विषय मात्र जिवंत असतो, मेहकर किंवा लोणारच्या बँकेसमोर रांगेत उभा असतो. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ही जाणीव अंशतः दिसते. तेथे अर्ज मागविले नाहीत. बँकांच्या माहितीवरून याद्या प्रसिद्ध केल्या, आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी आपली रक्कम पाहून ती मान्य वा अमान्य करावयाची होती. पाठाचा निर्णय ज्याच्याविषयी पाठ आहे त्याच्याच पुढे ठेवण्याची ही रीत निःसंशय अधिक चांगली. तथापि तिचीही मर्यादा स्पष्ट आहे. यादीत आलेली नोंद चूक आहे की बरोबर हे अंगठा देणारा सांगू शकतो. यादीत आलाच नाही त्याला अंगठा देण्याचा प्रसंगच येत नाही. प्रक्षेपाचे निवारण त्या रीतीने होते, लोपाचे होत नाही.

यावरून निष्कर्ष असा की, कोणत्याही सार्वजनिक डेटाबेसची परीक्षा त्यात काय दिसते यावरून पुरी होत नाही. जोडणीच्या प्रत्येक पायरीवर किती ओळी गळाल्या आणि त्या कोणाच्या होत्या, याची यादी मुख्य यादीइतकीच उघडपणे ठेवली गेली आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ज्या विद्याशाखेने पाठभेद टीपांत जपण्याची शिस्त या प्रांतात रुजविली, तिच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारणे अस्थानी ठरू नये. बुलडाण्याचा 'ड' की 'ढ' याचा वाद मिटला नाही तरी चालेल. त्या वादापायी एकही खातेदार यादीतून गळता कामा नये.