निनांवी स्मारकें : एका अहवालाचें परीक्षण

पहिल्या महायुद्धाच्या इतिहासांत फ्रान्समधील खंदकांना जेवढी जागा मिळाली, तिचा अल्पांशहि पूर्व आफ्रिकेंतील मोहिमेस मिळाला नाहीं. त्या मोहिमेंत मेलेल्या आफ्रिकी सैनिकांची व भारवाहकांची नोंद कां राहिली नाहीं, या प्रश्नाचा विचार राष्ट्रकुल युद्धसमाधि-मंडळाच्या विशेष समितीनें आपल्या एप्रिल २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत केला आहे. जुन्या कागदपत्रांचा व शिलालेखांचा व्यासंग करणारांनीं हा अहवाल अवश्य वाचावा. कारण दप्तरांतील मौनाचा अर्थ कसा लावावा, हाच त्यांतील खरा प्रश्न आहे.

प्रथम मूळ हकीकत. ही मोहीम १९१४ सालीं सुरू झाली आणि २५ नोव्हेंबर १९१८ रोजीं जर्मन सेनापति लेट्टो-फोरबेक यानें शस्त्रें खालीं ठेवलीं तेव्हां संपली. त्से-त्से माशीमुळें त्या मुलखांत ओझ्याचीं जनावरें टिकत नसत व रस्तेहि थोडे; त्यामुळें दारूगोळ्यापासून पिठापर्यंत सर्व सामान माणसांनीं वाहावें लागे. ब्रिटिश पक्षाकडून सुमारें दहा लक्ष आफ्रिकी माणसें या कामीं लावलीं गेलीं; १९१७ सालीं तर सरसकट सक्तीची भरती झाली. त्यांतील मृतांची संख्या एक लक्षाच्या आसपास मानली जाते. बहुतेक जण शत्रूच्या गोळीनें नव्हे, तर हगवण, हिवताप व अपुरें अन्न यांनीं मेले.

समाधि-मंडळाची स्थापना १९१७ सालची. हुद्दा, वंश वा धर्म न पाहतां प्रत्येक मृताचें नांव कोरावें, हें त्याचें तत्त्व. युरोपांत तें कसोशीनें पाळलें गेलें. नैरोबी, मोंबासा व दारेसलाम येथें मात्र केवळ पुतळे उभे राहिले. त्यांवरील लेख मुंबईस जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगनें रचिला. दारेसलामच्या स्मारकावर तो इंग्रजींत आहे, आणि स्वाहिलींत रोमन व अरबी अशा दोन्ही लिप्यांतहि आहे. वाचकांची एवढी सोय केली, पण मृताचें नांव मात्र एकहि कोरलें नाहीं.

येथेंच अहवालाचें महत्त्व आहे. नांवें हरवलीं म्हणून कोरलीं गेलीं नाहींत, ही समजूत त्यानें पुराव्यानिशीं खोडून काढली आहे. गोल्ड कोस्टचा गव्हर्नर गुगिसबर्ग यानें १९२३ सालीं, तेथील सामान्य मनुष्यास समाधिशिलेचें महत्त्व कळणार नाहीं, असें मत दिलें होतें. अशा मतांवर धोरण ठरलें. म्हणजे निनांवीपणा हा अपघात नसून निर्णय होता. संशोधकास हा भेद फार मोठा आहे; कारण दप्तरांत नांव नाहीं एवढ्यावरून तो मनुष्य नव्हता, असें अनुमान निघत नाहीं.

आतां उणीव. नांवानें स्मरण न झालेल्या मृतांची संख्या समिति किमान १,१६,००० व कदाचित् ३,५०,००० पर्यंत सांगते. त्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिका व ईजिप्त येथील माणसें आहेत. या दोन आंकड्यांतील अंतर दोन लक्षांहून अधिक! ज्या कारभारानें नोंदी ठेवल्या नाहींत त्याच्याच दप्तरांवर मुख्यतः भिस्त ठेवल्यास निराळें कांहीं हातीं येणें कठीण. स्थलनामें, घराण्यांतील आठवणी, वेतनपट हींहि साधनेंच होत. नैरोबीचें करिओकोर व दारेसलामचें करिआकू हीं नांवें भारवाहक-दलाच्या इंग्रजी नांवाचे अपभ्रंश आहेत. दगडावर जें कोरलें गेलें नाहीं, तें लोकांच्या तोंडीं राहिलें. नांवांचा शोध पुढें चालवावा अशी शिफारस समितीनें केली आहे, ती योग्यच. परंतु त्या शोधाचें क्षेत्र कचेरीच्या भिंतींबाहेर न्यावें लागेल.

हा प्रश्न आपणांसहि परका नाहीं. मेसोपोटेमियांत मराठा पलटणी लढल्या. तेथील बसरा स्मारकावर अधिकारी सोडून इतर हिंदी मृतांची केवळ संख्या कोरली गेली. म्हणून ज्यांच्या संग्रहीं जुन्या पलटणींचे दाखले, वेतनपट वा पत्रें असतील, त्यांनीं तीं क्षुल्लक समजून टाकूं नयेत. एखाद्या मृताच्या नांवाचा तेवढाच आधार उरलेला असेल.