चित्रातला घोडा आणि आपलं घर
(दहिसर पूर्व येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, वय चौऱ्याहत्तर, आणि बोलणार कशावर, तर रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरवर! पण मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत? हात वर करा. (बरेच हात वर.) बघा. म्हणजे तुमचा या सॉफ्टवेअरशी संबंध येऊन गेलेला आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये पडद्यावर जी नवी इमारत दिसते, ती यातूनच निघते.

आमची सोसायटी तळमजला अधिक तीन मजल्यांची. सभेत दिवे मालवले, पडद्यावर टॉवर आला. सोनेरी आकाश, खाली हिरवळ, आणि आत स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेलं कोवळं ऊन. टाळ्या पडल्या. नकाशाची गुंडाळी टेबलावर तशीच राहिली, कुणी उघडली नाही. मीही टाळी वाजवली, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात आमच्या हिनं हळूच विचारलं, "अहो, समोरची बिल्डिंग कुठे गेली?" आमच्या दक्षिणेला सात मजली इमारत उभी आहे. चित्रात तिथे आकाश होतं.

त्या प्रश्नानं माझी झोप उडवली. आमच्याच इमारतीतली एक मुलगी आर्किटेक्टच्या ऑफिसात हेच काम करते. तिच्याकडे चार संध्याकाळी बसलो. ती म्हणाली, "काका, सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही. त्याला जे देऊ तेच ते दाखवतं." हे विधान तपासण्यासाठी आज मी उभा आहे.

आधी यंत्रं समजून घेऊ. ढोबळमानानं दोन घराणी आहेत. पहिलं घराणं व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडरमधलं सायकल्स यांचं. व्ही-रे बल्गेरियातल्या सोफियाचं, कोरोना प्रागमधलं, आणि ब्लेंडर तर मोफत. 2002 पासून त्याचा कोडसुद्धा सर्वांना खुला आहे. ही मंडळी प्रकाशाचा हिशेब मांडतात. खिडकीतून आलेला उजेड लादीवर पडतो, लादीवरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर. जेम्स काजिया यांनी 1986 मध्ये या सगळ्या देवाणघेवाणीचं एक समीकरण मांडलं. ते पूर्ण सोडवता येत नाही, म्हणून यंत्र असंख्य किरण यदृच्छेनं सोडून सरासरी काढतं. एका चित्राला कधी काही मिनिटं लागतात, कधी रात्र जाते. पण संगमरवराची झाक, पडद्यातून झिरपणारा उजेड यांत ही मंडळी पटाईत.

दुसरं घराणं ल्युमियन, एन्स्केप, ट्विनमोशन यांचं. यांचं गोत्र व्हिडिओ गेमचं. ट्विनमोशन तर 2019 पासून एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीकडेच आहे. इथे वाट बघावी लागत नाही. तुम्ही फिराल तसं घर समोर फिरतं. या वेगासाठी प्रकाशाच्या हिशेबात काटछाट करावी लागते; कुठे आरशातलं प्रतिबिंब अंदाजानं, कुठे सावलीची कड बोथट. आता यांनीही किरणांचा हिशेब अंगी बाणवला आहे, आणि व्ही-रे व एन्स्केप 2022 पासून एकाच छपराखाली आहेत. भिंत पातळ होत चालली आहे.

व्यवसायातली मंडळी तुलना करताना विचारतात, कुणाचं चित्र फोटोसारखं दिसतं, किती वेळात होतं, पैसे किती पडतात. करणाऱ्याच्या दृष्टीनं हे प्रश्न बरोबर आहेत. पण जो ते चित्र बघून आपलं राहतं घर सोडणार आहे, त्याच्या दृष्टीनं?

इथे एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1980 नंतरच्या दशकात एक साधा खोका घेतला. आज तो ज्या रूपात प्रसिद्ध आहे त्यात एक बाजू लाल, समोरची हिरवी, बाकी पांढरं. लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या भागावर लालसर छटा येते, ती संगणकाला जमते का, हे पाहायचं होतं. कसं पाहिलं? खरा खोका बांधला, त्याचा फोटो काढला आणि संगणकाचं चित्र शेजारी ठेवलं. म्हणजे या विद्येच्या बालपणी कसोटी प्रामाणिक होती: वस्तू इथे, चित्र इथे, जुळवा. आपल्या सभेत मात्र वस्तू अजून नाही. चित्र आहे, ते ताडून बघायला खोका नाही.

नैयायिक म्हणतील, ज्ञान खरं की खोटं हे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून कळतं. दुरून पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तर ते पाणी होतं. नाही भागली तर मृगजळ. उत्तम. पण इथे पाण्याकडे जाण्याआधी हातातला तांब्या ओतून द्यायचा आहे. घर पाडल्यावर काही वर्षांनी कळणार, ऊन होतं की मृगजळ.

आणि आता शंकुक. नाट्यशास्त्राच्या रससूत्राचा हा जुना भाष्यकार. त्याचं मत अभिनवगुप्तानं नोंदवून ठेवलं आणि खोडलंही. तो म्हणतो, चित्रातला घोडा बघून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे खरं ज्ञान नव्हे, खोटंही नव्हे, संशय नव्हे, 'घोड्यासारखा' अशी तुलनाही नव्हे. या चारींहून ते वेगळं आहे. नाटकाची मजा त्यातच. चित्रतुरगन्याय तो हाच.

रेंडरिंग बरोबर याच घोड्यावर बसून येतं. टाळ्या घेताना ते म्हणतं, 'हे तुमचं घर.' जाब विचारला की कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवतं: 'आर्टिस्ट्स इम्प्रेशन', कलावंताची कल्पना. शंकुकाचा प्रेक्षक तिकीट काढून आला होता, नाटक संपलं की घरी जाणार होता. आपण सही करणार आहोत. सही मागितली की चित्राचं नाटकपण संपतं आणि ते वचन होतं. माझा आक्षेप एवढाच आहे. सुंदर दाखवू नका असं मी म्हणत नाही.

मग त्या मुलीचं विधान? अर्धं खरं. प्रकाशाच्या बाबतीत सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही. पण समोरची इमारत त्याला दिलीच नाही, तर ते निमूटपणे तिथे ऊन पाडतं. तिनंच मला आणखी युक्त्या दाखवल्या. दहा बाय दहाच्या खोलीत खरा फोटोग्राफर भिंतीला पाठ टेकून उभा राहील. सॉफ्टवेअरमधला कॅमेरा मागची भिंत कापून बाहेर उभा राहतो आणि आत बघतो, म्हणून खोली हॉलएवढी वाटते. त्यात लेन्स रुंद कोनाची घेतली की काही विचारू नका. सोफा थोडा लहान केला तर कुणाला कळत नाही. आणि बाहेर बघा, एकाही खिडकीला ग्रिल नाही, कपडे वाळत घालायला दांडी नाही, एसीचा डबा नाही, पावसाळ्यात भिंतीवर उतरणारा काळा ओघळ नाही. दहिसरमध्ये अशी इमारत कुणी पाहिली आहे? (हशा)

इथे माझा निकाल सांगतो, तो तज्ज्ञांना उलटा वाटेल. पहिल्या घराण्याचं चित्र प्रकाशाला जास्त इमानी असतं, पण सभेत ते गोठलेलं येतं. कोन, वेळ, ऋतू सगळं कुणीतरी आधीच निवडलेलं. दुसऱ्या घराण्याचा प्रकाश थोडा कच्चा असेल, पण त्याला म्हणता येतं, "जरा मागे वळा. दुसऱ्या मजल्यावर या. आता डिसेंबर करा." सभासदाच्या दृष्टीनं मी ल्युमियन-एन्स्केपला वरचा नंबर देईन, अट एकच, माऊस चालवणाऱ्यानं आपलं ऐकलं पाहिजे. आणि हल्ली नुसतं वाक्य लिहून एआयकडून जी चित्रं काढतात, त्यांना सर्वांत खाली ठेवीन. त्यामागे मोजमापाची इमारतच नसते. मागे वळायला सांगितलं तर तिथे काही नाही, नवीन काहीतरी रचलं जाईल.

आम्ही तो प्रयोग केला. त्या मुलीनं आमची जागा नकाशावर बसवली, दक्षिणेची इमारत साध्या ठोकळ्यासारखी उभी केली आणि तारीख 21 डिसेंबर घातली. मुंबईत त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. म्हणजे वीस मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला अठरा मीटर पडते. ओट्यावरचं ऊन गेलं. सगळं मिळून अर्धा तास लागला. आमची ही म्हणाली, "मग हेच आधी का नाही दाखवलं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. उजेड खरोखर मोजायचाच असेल तर रेडियन्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडलेलं. ते चित्रासोबत आकडे देतं: टेबलावर किती उजेड, कोपऱ्यात किती. तेही मोफत. पण आकड्यांना टाळ्या पडत नाहीत.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या रेरा कायद्याचं बारावं कलम जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क देतं. चांगलं आहे. पण आपण जुने सभासद पैसे भरत नाही, पायाखालची जागा देतो. म्हणून आपला आधार करारपत्र आणि त्याला जोडलेले नकाशे. पुनर्विकासाच्या 4 जुलै 2019 च्या शासकीय सूचनांनुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते. ती 51 टक्के माणसं काय बघून हात वर करतात, ते म्हणून महत्त्वाचं.

तेव्हा सभेत चार गोष्टी मागा. शेजारच्या खऱ्या इमारती चित्रात घाला. माझ्याच घराच्या खिडकीतून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून दाखवा. 21 डिसेंबरची सकाळ, दुपार, संध्याकाळ दाखवा. आणि चित्रातल्या ज्या गोष्टी देणार आहात, त्या करारात लिहा; ज्या देणार नाही, त्या पुसून टाका.

येत्या रविवारी आमची सभा आहे. मी पुनर्विकासाच्या विरुद्ध नाही. जिना चढताना माझे गुडघे मला रोज त्याची बाजू सांगतात. पण या वेळी आधी नकाशाची गुंडाळी सोडायला सांगणार आहे. टाळी वाजवायची की नाही ते त्यानंतर.